अजीज सरखोत आणि अकरा ठिपके

अल ऐनमध्ये उंच इमारती नाहीत. आम्ही आता अबू धाबीच्या खलिफा सिटीत राहतो. इथून दीड तास पूर्वेला गाडी चालवली की ते गाव लागतं. गाव म्हणायचं आपलं, आहे शहरच. पण चौकाचौकांत गोल बागा, खजुरीची राई, मागे जबल हफीतचा उघडाबोडका डोंगर आणि पलीकडे तारेच्या कुंपणामागे ओमानचं बुरैमी. दोन हजार नऊ ते चौदा आम्ही तिथे होतो. माझ्या नवऱ्याची, सुरेशची, नोकरी पाण्याच्या प्लांटवर होती. माझी मुलगी शुभ्रा तिथेच पहिल्यांदा शाळेत गेली. त्या शाळेच्या कारकुनाबद्दल मला लिहायचं आहे.

शाळा एका व्हिलात होती. कागदावर तिचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, पण टॅक्सीवाल्याला ‘नीम स्कूल’ म्हटलं की पुरे. अंगणात तीन कडुनिंब होते. बेडरूमच्या जागी वर्ग, गॅरेजमध्ये केजी, आणि स्वयंपाकघरात ऑफिस. ऑफिसच्या ओट्यावर ग्रॅनाइट तसाच होता. त्यावर फाइली रचलेल्या असत आणि सिंकच्या शेजारी टेबल टाकून अजीजभाई बसलेले असत. अजीज सरखोत, मूळ गाव म्हाप्रळ, सावित्रीच्या खाडीवर. अंगात बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट, खिशात तीन पेनं. मुलं त्यांना अजीज अंकल म्हणत, शिक्षिका सरखोतसर म्हणत, आणि आम्ही मराठी बायका अजीजभाई.

ते सत्त्याऐंशी साली आले. आधी दोन वर्षं एका कंत्राटदाराकडे हजेरी लिहिली. एकोणनव्वदमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा अक्षर चांगलं म्हणून त्यांना घेतलं. मुलांची नोंद करण्याचं मोठं रजिस्टर, ज्याला आपल्याकडे जनरल रजिस्टर म्हणतात, ते पहिल्या मुलापासून शेवटच्या मुलापर्यंत एकाच माणसाच्या हातचं आहे. दोन हजार तीनशे सहा मुलं. मुलाचं नाव, बापाचं नाव, धंदा, मूळ गाव, अल ऐनमधला पत्ता, जन्मतारीख, आणि शेवटचा रकाना शाळा सोडण्याचं कारण. हा रकाना बहुतेक शाळा रिकामा ठेवतात. अजीजभाई भरत. ‘वडिलांची बदली, रुवैस.’ ‘कायम भारतात.’ ‘वडील वारले.’ ‘बुरैमी बंद.’

बुरैमी बंद म्हणजे काय, हे मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, “वहिनी, पूर्वी इथे बॉर्डर म्हणजे नुसता रस्ता होता. भाडं कमी म्हणून निम्मी इंडियन फॅमिली बुरैमीत राहायची, पोरं आपल्या बसने इकडे यायची. मग गेट आलं, पासपोर्ट आला, शिक्के आले. एका टर्ममध्ये बासष्ट पोरं गेली. मी एकेकाच्या पुढे लिहिलं. माझ्यानंतर कोणी विचारलं तर कळायला नको, की एवढी पोरं एकदम कुठे गेली?”

कोणी विचारणार नव्हतं. पण ते लिहीत राहिले. अल ऐनमध्ये आपली माणसं कुठून आली, कुठल्या गॅरेजात होती, कुठल्या गल्लीत राहिली, कधी गेली, हे त्या सात रजिस्टरांत आहे आणि दुसरीकडे कुठेच नाही.

त्यांची स्वतःची जन्मतारीख एक जून. म्हाप्रळच्या शाळेत त्यांच्या वर्गातल्या सव्वीसपैकी एकोणीस मुलांची एक जून होती. आईला तारीख ठाऊक नसायची; मग गुरुजी मुलाला डोक्यावरून हात घालून उलटा कान पकडायला लावत, हात कानाला लागला की वर्षं मोजून मागची एक जून लिहून टाकत. अजीजभाईंचा हात लांब होता. “दोन वर्षांनी मोठा केला मला,” ते हसून सांगत. “पण आत तर घेतला. नाहीतर मी खाडीवर खाजणात शिंपल्या वेचत बसलो असतो.”

त्यांना हे नेहमी चांगलंच वाटत आलं, की एका माणसाने पेन उचललं आणि आपल्यासाठी दार उघडलं. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

दोन हजार अकराच्या मार्चमध्ये मी शुभ्राला घेऊन त्यांच्यासमोर उभी होते. नियम असा होता की एकतीस मार्चला चार वर्षं पूर्ण हवीत. शुभ्रा बारा एप्रिलची. बारा दिवस कमी पडत होते. शार्दूल तेव्हा पोटात होता, उलट्या थांबत नव्हत्या, आणि दिवसभर एका हट्टी मुलीला घेऊन घरात बसण्याच्या कल्पनेनेच मला रडू येई.

“अजीजभाई, बारा दिवसांसाठी वर्ष जाणार हो तिचं.”

“नियम आहे, वहिनी.”

“तुम्ही मनात आणलं तर होईल.”

त्यांनी शुभ्राकडे पाहिलं. ती सिंकच्या नळाशी खेळत होती. “ए म्हातारे,” ते तिला म्हणाले, “किती वर्षांची तू?”

“फोर,” शुभ्रा म्हणाली.

“बघा. ती स्वतःच सांगते.” मग त्यांनी पेन उचललं, एप्रिलच्या जागी मार्च लिहिलं, आणि समासात शिसपेन्सिलीने एक बारीक ठिपका दिला.

“हा कशाला?”

“मला कळायला पाहिजे ना, कुठे हात लावला ते.”

मी त्यांचे आभार मानले आणि घरी येऊन पहिल्यांदा शांत झोपले.

त्याच आठवड्यात सुमैय्या आणि तहा हे जोडपं तसंच परत गेलं होतं. तहा सनाय्यात, म्हणजे गॅरेज-कारखान्यांच्या भागात, एसी दुरुस्तीच्या गॅरेजात कामाला, सुमैय्या घरी समोसे करून विकायची. त्यांची अफशा अकरा एप्रिलची. ती दोघं काही बोलली नाहीत, मागितलं नाही. नियम आहे म्हटल्यावर मान हलवून निघाली. अजीजभाईंनी त्यांना तिसऱ्या दिवशी फोन करून बोलावलं आणि प्रवेश देऊन टाकला. कसा, ते सांगितलं नाही. सुमैय्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि तहाला वाटलं, एखादी जागा रिकामी झाली असेल. अफशाच्या ओळीपुढेही एक ठिपका पडला. अशी दोन-तीन वर्षांत मिळून अकरा मुलं झाली. सगळी एप्रिलची, सगळ्यांचा मार्च केलेला.

दोन हजार चौदाला व्हिलातल्या शाळा बंद झाल्या. मोकळी मैदानं, अग्निशमनाची व्यवस्था, रुंद जिने, हे सगळं हवं असा नियम आला, आणि तो बरोबरच होता; आमची मुलं गॅरेजात बसत होती. प्रत्येकाला शाळा सोडल्याचा दाखला मिळाला. दाखल्यावर रजिस्टरातली तारीख. पुढच्या शाळेने दाखल्यावरून तारीख उतरवली, त्यावरून बोर्डाने. शुभ्राचा दाखला हातात पडला तेव्हा मी त्यावरचा मार्च पुन्हा वाचला. मी अजीजभाईंना फोन केला. ते म्हणाले, “राहू दे आता, वहिनी. एक महिना काय? कोण बघतो?” मलाही तेच ऐकायचं होतं.

व्हिला मालकाला परत द्यायचा होता. शेवटच्या दिवशी बाक, फळे, जुन्या उत्तरपत्रिका, सगळं कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी डब्यात गेलं. अजीजभाईंनी त्यातून सातही रजिस्टरं काढली आणि टॅक्सीत घालून घरी नेली. त्यांची बायको मरियमबी म्हणाली म्हणे, “पलंगाखाली ट्रंक ठेवायला जागा नाही नि तुम्ही शाळा आणलीत?” पण जागा केली तिनेच.

त्यानंतर ते एका टायपिंग सेंटरमध्ये बसू लागले. व्हिसा, भाडेकरार, कंपनीची पत्रं टाइप करून देण्याचं दुकान. मॅनेजर विष्णू नावाचा केरळी माणूस, चांगला होता. पगार कमी, पण व्हिसा दरवर्षी नवा होत होता. पासष्टीनंतर तो होत नाही असं नाही, पण मालकाला मुद्दाम मागावा लागतो. कागदावर अजीजभाई यंदा एक जूनला पासष्टचे झाले. खरे त्रेसष्ट. गुरुजींनी दिलेली दोन वर्षं आता आडवी आली होती.

यंदा जूनच्या पंचवीस तारखेला त्यांचा फोन आला. मी शार्दूलचा डबा भरत होते.

“वहिनी, सरखोत बोलतोय. अफशा आठवते का? तहाची?”

अफशा बारावी झाली होती. पुण्याच्या नर्सिंग कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता. फॉर्मवर पासपोर्टची तारीख, अकरा एप्रिल. दहावीच्या गुणपत्रिकेवर अकरा मार्च. कॉलेजने अडवलं. पंधरा जुलैपर्यंत बोर्डाची दुरुस्ती किंवा निदान दुरुस्ती सुरू असल्याचं बोर्डाचं पत्र द्या, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. तिच्या शाळेच्या ऑफिसात मिथुन म्हणून एक जण आहेत, त्यांनी सांगितलं की बोर्ड दुरुस्ती करतं, पण पहिल्या शाळेचं मूळ रजिस्टर आणि ते लिहिणाऱ्याचं निवेदन लागेल. शाळा तर बंद. तहा डोकं धरून बसला. मग सुमैय्याला अजीजचाचांची आठवण झाली.

“रजिस्टर माझ्याकडे आहे,” अजीजभाई म्हणाले. “पण त्या पानावर चार ठिपके आहेत. पुढच्यावर आणखी. बघणाऱ्याला कळणार. म्हणून सगळ्या अकरा घरी फोन करतोय. सांगून केलेलं बरं.”

मी म्हटलं, “तुम्ही लिहा ना, हात घसरला म्हणून.”

“हात एकदा घसरतो, वहिनी. अकरा वेळा एकाच महिन्यावरून एकाच महिन्यावर नाही घसरत.”

त्या दिवशी दुपारी मी गाडी घेऊन अल ऐनला गेले. सुरेशला ऑफिसात फोन करून सांगितलं, त्याने फक्त “जपून चालव” म्हटलं. अकरा घरांपैकी जाणारी मी एकटीच.

कारण असं होतं. शुभ्राला बंगळूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. तारखेचा घोळ आम्ही प्रतिज्ञापत्र करून झाकला होता. त्यात लिहिलं होतं की शाळेच्या कारकुनाकडून नजरचुकीने महिना चुकला. कागदपत्रांची तपासणी सात जुलैला होती. त्याच्या आत अजीजभाईंनी ‘मी मुद्दाम बदलली’ असं लिहून पाठवलं आणि बोर्डाने अकराही मुलांच्या गुणपत्रिका चौकशीत घेतल्या, तर आमचं प्रतिज्ञापत्र खोटं ठरलं असतं.

मुतारदच्या गल्लीत एका जुन्या व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत ते राहत. दार मरियमबीने उघडलं. “या या, किती वर्षांनी! मुलगी केवढी झाली? इकडचा खजूर खाऊन बघा, आताच झाडावरून आलाय.” जमिनीवर चादर टाकून सहावं रजिस्टर उघडं होतं. अजीजभाईंचा चष्मा जाड झाला होता, शर्टाच्या बाह्या तशाच दुमडलेल्या.

मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि बोट रजिस्टरच्या ओळीवर ठेवून होते. अठराशे शेहेचाळीस, अफशा. तीन ओळी खाली अठराशे एकोणपन्नास, शुभ्रा.

“सात तारखेपर्यंत थांबा,” मी म्हटलं. “फक्त तेवढंच. आठला पाठवा.”

“अफशाची पंधरा आहे.”

“आठ ते पंधरा एक आठवडा मिळतो की. हल्ली सगळं ऑनलाइन असतं, अजीजभाई. नुसतं पत्र तर हवंय, ते दोन दिवसांत येतं.”

“नक्की?”

“नक्की.”

मला काही माहीत नव्हतं. मी बोर्डाशी आयुष्यात कधी व्यवहार केला नव्हता.

मरियमबी स्वयंपाकघरातून म्हणाली, “पोरीचं काम आधी करा म्हणते मी. सुमैय्या रोज फोन करते.”

“अगं, वहिनी शिकलेल्या आहेत, त्यांना माहीत असतं,” अजीजभाई म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “दोन्ही आपल्याच पोरी. एकीचं करताना दुसरीचं मोडायला नको. आठला पाठवतो, इन्शाल्ला.”

निघताना मरियमबीने खजुराचा डबा दिला. घरी येईपर्यंत तो शेजारच्या सीटवर होता.

दोन जुलैला त्यांनी निवेदनाचा मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला. इंग्रजी तपासून द्या म्हणाले. सुवाच्य अक्षरात एक पान. मी एकोणनव्वद ते चौदा या शाळेचा लेखनिक होतो. खालील अकरा मुलांच्या जन्मतारखा मी स्वतःच्या इच्छेने बदलल्या. कोणाकडून काही घेतलं नाही. पालकांना याची कल्पना नव्हती.

ते शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. अफशाच्या आईवडिलांपुरतं ते खरं होतं. मी मात्र त्या टेबलासमोर उभी राहून विनवणी केली होती. मी फोन करून तेवढंच म्हणायला हवं होतं. मी दोन ठिकाणी क्रियापदाचा काळ सुधारला, एका ठिकाणी स्वल्पविराम काढला, आणि ‘ठीक आहे’ लिहून पाठवून दिलं. त्यांचं उत्तर आलं, ‘थँक्यू वहिनी. शुक्रन.’

सातला शुभ्राची तपासणी झाली. बंगळूरच्या माणसाने कॅमेऱ्यावर दोन कागद बघितले आणि पुढे गेला. शुभ्रा खोलीतून बाहेर आली, म्हणाली, “डन, ममा. यू वरी टू मच.” मी अजीजभाईंना लगेच कळवलं. आठ तारखेला सकाळी त्यांनी निवेदन, रजिस्टरच्या पानांच्या नकला आणि मूळ सहावं रजिस्टर मिथुनकडे नेऊन दिलं.

बोर्डाचं पत्र एकवीस जुलैला आलं. बरोबर तेरा दिवस लागले. सव्वीस जूनला, म्हणजे त्यांनी ठरवलं होतं तेव्हा गेलं असतं, तर नऊ जुलैला हातात असतं. मी हे हिशेब करून पाहिले आहेत, एकदा नाही, अनेकदा, आणि दर वेळी उत्तर तेच येतं.

पंधराला संध्याकाळी कॉलेजने अफशाची जागा काढून घेतली. तहाने पुण्याला त्याच्या मेव्हण्याला पाठवलं, तो दोन दिवस दारात बसला. खिडकीवरची बाई चांगली होती म्हणे. म्हणाली, “पुढच्या वर्षी या.”

आणि एकवीसच्या पत्रात काय होतं? अकराही मुलांच्या तारखा दुरुस्त करण्यास मंजुरी. लेखनिकाने जबाबदारी घेतली आहे, पालकांचा दोष नाही, सबब दंड नाही, चौकशी नाही. दहा जणांना घरबसल्या नवीन गुणपत्रिका मिळाल्या. शुभ्राचीही आली. अकरावी अफशाची आली, पण तिला या वर्षी तिचा उपयोग नव्हता.

निवेदनात अजीजभाईंनी संपर्कासाठी टायपिंग सेंटरचा नंबर दिला होता. पडताळणीचा फोन तिथे गेला, तो विष्णूने उचलला. समोरच्याने सरळ विचारलं, तारखा बदलणारे सरखोत तुमच्याकडेच कामाला आहेत का?

हे मला मरियमबीने सांगितलं. विष्णूने त्यांना आत बोलावलं, चहा दिला. म्हणाला, “अजीजभाई, मेरे को मालूम है आप कैसे आदमी हो. लेकिन इधर तारीख ही धंदा है. कल कोई बोलेगा, यहाँ डेट चेंज करता है. मेरा लायसन्स जाएगा.” अजीजभाई म्हणाले, “सही बात है.” भांडले नाहीत. व्हिसा सप्टेंबरात संपत होता. मालकाने तो मुद्दाम मागितला नाही, एवढंच. काढून टाकणं वगैरे काही नाही. वय झालं म्हणून परमिट नाही, असं झालं. त्यांच्या शेवटच्या रकान्याच्या भाषेत सांगायचं तर ‘कायम भारतात’.

अडतीस वर्षं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला की उरलेली सहा रजिस्टरं तुम्ही ठेवाल का? विमानात वजन बसत नाही, आणि म्हाप्रळला खाडीच्या ओलीने कागद टिकणार नाही. मी गेले. खोलीत खोके, दोऱ्या, चिकटपट्टीचा आवाज. सुमैय्या मरियमबीला मदत करायला आली होती. मी तिला अकरा वर्षांनी बघत होते. तिने माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

“तुमच्या शुभ्राचं झालं ना, ताई?”

“हो.”

“अल्हम्दुलिल्ला. एकीचं तरी झालं.” ती खोक्यावर पाय देऊन दोरी आवळत होती. “आमचं सहा दिवसांनी हुकलं. मी चाचांना विचारलं, तुम्ही पंचवीसला सांगितलं होतं उद्या देतो म्हणून, मग आठ तारीख कशी काय झाली? म्हणाले, रजिस्टर सापडत नव्हतं. पलंगाखाली मागे गेलं होतं.” ती मरियमबीकडे बघून हसली. “म्हटलं, चाचा, तुमचं रजिस्टर आणि सापडत नाही? तुम्ही आमच्या पोरीचा नंबर झोपेत सांगाल.”

मरियमबीने माझ्याकडे पाहिलं आणि चिकटपट्टीचं टोक शोधू लागली. अजीजभाई खिडकीशी पाठ करून सहा रजिस्टरांना जुन्या चादरीत बांधत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

“अफशा काय करते?” मी विचारलं.

“घरी आहे. बोलत नाही कुणाशी. बाप म्हणतो, लग्नाचं बघू. मी म्हटलं, वर्षभर थांबा. बघू किती थांबतात.”

गाडीत रजिस्टरं ठेवताना अजीजभाई खाली आले. उन्हात उभे राहून त्यांनी गाठ पुन्हा तपासली. मी म्हटलं, “तुम्ही तिला खोटं का सांगितलंत?”

“काय सांगू? तुमचं नाव?” ते म्हणाले. “अल ऐनमध्ये आपली माणसं किती, वहिनी? त्यांच्यात आणखी तोंडं फिरायला नकोत. मी तर चाललोच. माझ्यावर बसलं तर कोणाचं काय जातं? आणि सुमैय्या माझ्यावर रागावत नाही. तिला वाटतं, म्हातारा झालाय, विसरला.” मग म्हणाले, “तेवढं एक घर राहिलंय मला इथलं. तेवढं राहू दे.”

ते गेले. दर शुक्रवारी नमाजानंतर म्हाप्रळहून त्यांचा फोन येतो. मरियमबीच्या गुडघ्यांचं सांगतात, सावित्रीला पूर आला होता ते सांगतात, आणि शेवटी विचारतात, “अफशाचं कळलं का काही?”

ऑक्टोबरमध्ये मला ते सहन होईना. एकदा रजिस्टरं उघडून बसले होते. दुसऱ्या रजिस्टरच्या मागे शिक्षक आणि कर्मचाऱ्यांची नोंद आहे. त्यात सरखोत अजीज, रुजू तारीख, जन्म एक जून. आणि त्या एक जूनच्या पुढे समासात एक बारीक ठिपका. स्वतःच्या तारखेलाही त्यांनी खूण करून ठेवली होती. त्या दिवशी मी ठरवलं की एक तरी गोष्ट सरळ करायची. सुमैय्याचा नंबर मरियमबीकडून घेतलेला होता. फोन केला आणि सांगून टाकलं. पंचवीस जूनला मी आले होते, मी थांबवलं, दोन दिवसांत पत्र येतं असं मी म्हटलं, मला ठाऊक नव्हतं.

 तिच्या मागे कढईत काहीतरी तळल्याचा आवाज येत होता, तो बंद झाला.

“ताई, चाचांना माहीत होतं ना, आमची पंधरा तारीख आहे?”

“होतं.”

“तरी थांबले.”

“माझ्यामुळे. मी नक्की म्हटलं म्हणून.”

“तुमचं ठीक आहे,” सुमैय्या म्हणाली. “तुम्ही तुमच्या पोरीसाठी केलंत. मीपण केलं असतं. पण चाचा आमचे. ते म्हणाले, पलंगाखाली गेलं होतं. मी त्यांच्या घरी बसून त्यांची खोकी बांधली, ताई. त्यांना तेव्हा तरी सांगता येत होतं.”

“सुमैय्या, त्यांनी ते माझ्यासाठी—”

“हां. तुमच्यासाठी.” आणि तिने फोन ठेवला.

मला वाटलं होतं ती माझ्यावर ओरडेल. मी तयारी केली होती. सुरेश म्हणतो, तू तुझं ओझं उतरवायला गेलीस. कदाचित तसंच असेल. शुभ्रा होस्टेलवरून रोज फोन करते, मेसचं सांगते, मैत्रिणींचं सांगते. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. तिचा फोन दहा मिनिटं उशिरा आला तरी मी फोन हातात धरून बसते, आणि मग मला अफशा आठवते, जिची आई फोनची वाटच बघत नाही, कारण मुलगी घरातच आहे.

परवाच्या शुक्रवारी अजीजभाईंचा फोन आला. आवाज बारीक झालाय. पावसानंतर घराला रंग काढला म्हणाले. मरियमबी बरी आहे. मग म्हणाले, “वहिनी, सुमैय्याला तीन आठवडे फोन लावतोय. वाजतो नि कट होतो. मेसेज केला, तो जात नाही. तहाचापण तसाच. नंबर बदललेत का त्यांनी?”

सहाही रजिस्टरं माझ्या समोरच्या कपाटात, त्याच चादरीत होती.

“बदलले असतील,” मी म्हटलं.

“नवा मिळाला तर पाठवा,” ते म्हणाले. “पोरीचं विचारायचं होतं.”